बोर्डाच्या आधीचं वळण

९ फेब्रुवारी

दादा,

फोन कट करता येतो, पत्र कट करता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. तू जुन्या मिक्सरचं हमीपत्रसुद्धा अजून जपून ठेवलं आहेस. म्हणून पत्र.

वहिनीकडून निरोप मिळाला, "चौकशी संपेपर्यंत आपण बोलणं योग्य होणार नाही." योग्य! आईच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकड्यावर एका चादरीत झोपलेली आपण भावंडं. आता तू मला 'योग्य' शिकवणार. आणि तेही स्वतःच्या तोंडाने नाही, बायकोच्या.

ठीक आहे. योग्य तेच करू. वकीलबाई म्हणाल्या आहेत की माझं निवेदन असं लिहा, की विमानतळ कधी न पाहिलेल्या माणसालाही कळलं पाहिजे. तर समज, तू तो माणूस आहेस. विमानतळावरचा एकूण एक बोर्ड आणि एकूण एक दिवा ज्याच्या ताब्यात आहे तो माणूस तू नाहीसच. तसंही तू हल्ली तेच सोंग घेतलं आहेस.

विमान जागेवरून निघालं की धावपट्टीपर्यंत त्याला रस्त्यांनी जावं लागतं. रस्त्यांना नावं असतात, वळणांवर पिवळे-काळे बोर्ड असतात, आणि टॉवरमधला माणूस सांगतो की अमुक वळणाने जा. आम्हाला जायचं होतं 'एको' नावाच्या वळणाने. त्या भागात उजवीकडे लागोपाठ तीन वळणं आहेत, तिन्ही सारखीच रुंद. कॉकपिटच्या उंचीवरून बघितलं तर तिळ्या बहिणी. पहिलं वळण थेट धावपट्टीवर उघडतं. दुसरं एको. तिसरं जुन्या हँगरकडे, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडकडे जातं आणि तिथे संपतं.

एकोचा बोर्ड उभा होता दुसऱ्या आणि तिसऱ्या वळणाच्या मधे. म्हणजे बघणाऱ्याला वाटायचं की तिसरं वळण म्हणजे एको. परगावचे पायलट भाबडेपणाने बोर्डाचं ऐकायचे, हँगरपाशी जाऊन अडकायचे, आणि मग ट्रॅक्टरने ओढून त्यांना मागे आणावं लागायचं. म्हणून त्या जागेला आम्ही लोक 'सासुरवाडी' म्हणतो. कसंही वागा, चूक तुमचीच. नाव पुरुषांनी ठेवलंय. बायकांना विचारलं असतं तर नुसतं 'सासर' ठेवलं असतं.

आणि यावर आमचा उपाय होता, जो कुठे लिहिलेला नाही आणि ज्याच्यावाचून इथे कुणी उडत नाही. नवीन माणूस आला की जुना माणूस त्याला पहिल्याच दिवशी सांगतो, सासुरवाडीला बोर्ड दिसला की त्याच्या आधीचं वळण घ्यायचं. बस्स. मला माझ्या कॅप्टनने शिकवलं, मी निदान वीसेक जणांना शिकवलं, त्यात तुझा मुलगाही आला. टॉवरलाही हे माहीत होतं. तुलाही होतं. किती वर्षं सांगत होते मी तुला, की दादा, तो बोर्ड हलव. तू चष्मा पुसायचास आणि म्हणायचास, "रीतसर लिहून दे." लिहून दिलं. तीनदा. तिन्ही वेळा उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे'.

मग तुम्ही तो हलवलात.

बरोबर जागी हलवलात हो, पहिल्या आणि दुसऱ्या वळणाच्या मधे, पुस्तकात सांगितलंय तिथे. आणि कुणालाही सांगितलं नाहीत. सूचना नाही, फोन नाही, टॉवरकडून एक शब्द नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी एकशे चौसष्ट माणसं घेऊन तिथे पोहोचले. ऊन डोळ्यांवर. बोर्ड दिसला. मी त्याच्या आधीचं वळण घेतलं.

'पुढे धावपट्टी आहे' असं बजावणारा लाल बोर्ड त्या वळणाच्या आत आहे, नाक वळल्याशिवाय दिसत नाही. दिसला तेव्हा मी ब्रेकवर उभी राहिले. तोवर आमचं नाक धावपट्टीवर होतं आणि समोरून एक विमान उतरत होतं. इतकं जवळ, की त्याची चाकं मला दिसत होती. टॉवरमधली मुलगी किंचाळली. तिच्यामुळे त्यांनी ते विमान परत वर उचललं. माझा को-पायलट बराच वेळ "आई, आई" म्हणत होता. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आणि मला तू ओळखतोस.

आता माझं लायसन्स काढून घेतलंय, आणि तुमच्या ऑफिसचं म्हणणं आहे, 'घटनेच्या दिवशी सर्व बोर्ड योग्य स्थितीत होते.' वाक्य तुझं आहे. मी ओळखते तुझी वाक्यं, इस्त्री केल्यासारखी असतात. त्यातलं अक्षरही खोटं नाही, आणि म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. तिथे तू एवढंच सांगायचं आहेस की तो बोर्ड आधी चुकीच्या जागी होता, तुम्हाला ते माहीत होतं, आणि हलवल्यावर तुम्ही कुणाला सांगितलं नाही. तीन वाक्यं. हवी तर त्यांनाही इस्त्री कर.

तुझी बहीण
(हे नातं योग्य आहे ना? की चौकशी संपेपर्यंत तेही स्थगित?)


१७ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. तू मूग गिळून बसलास की वहिनीसुद्धा तुझ्याशी खुणांनी बोलते.

माझी हालहवाल तुला विचारायची नाही, म्हणून मीच सांगते. मला ट्रेनिंगच्या मजल्यावर एक टेबल दिलंय. खुर्चीचं एक चाक गेलंय, त्यामुळे दिवसभर मी डावीकडे कलून बसते. समोरच्या खिडकीतून विमानं दिसतात. कुणाच्या डोक्यातून ही जागा निघाली त्याला मी शोधते आहे. काम म्हणशील तर जुन्या मासिकांचे गठ्ठे बांधणं. सतरा वर्षं उडवल्यावर गठ्ठे! पोरंपोरी येतात, "मॅडम, कॉफी आणू?" म्हणतात आणि नजर चुकवतात. कुणी मेल्यावर लोक येतात तसे येतात.

पण माझं राहू दे. सूचना का काढत नाही तुम्ही?

मी बोलतेय ते कळतंय का तुला? बोर्ड आता बरोबर आहे आणि आमच्या डोक्यातलं शास्त्र आता चूक आहे. दीडशे-दोनशे पायलटांच्या डोक्यात अजून तेच बसलंय, बोर्डाच्या आधीचं वळण. त्यातले निम्मे इथे महिन्यातून एकदा येतात. उद्या एखाद्याला ऊन लागेल, एखादा थकलेला असेल, टॉवरमधली ती मुलगी त्या क्षणी दुसरीकडे बघत असेल. मग तू काय लिहिशील? सर्व बोर्ड योग्य स्थितीत होते?

का काढत नाही ते मला माहीत आहे. 'बोर्ड हलवला आहे' असं लिहिलं की तो आधी चुकीचा होता हे कबूल केल्यासारखं होतं. दोन वर्षांपूर्वी हँगरच्या खांबाला एका विमानाचा पंख घासला, तेव्हा तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत की बोर्डात दोष नाही, आणि त्या कॅप्टनला घरी बसवलंत. आता ते कसं गिळणार? म्हणून गुपचूप हलवला. सुंठीवाचून खोकला जाईल असं वाटलं तुम्हाला.

तुमच्या मोठ्या साहेबांनी पेपरवाल्यांना सांगितलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." अंगण वाकडंच होतं रे! सगळ्यांना वाकड्यात नाचायची सवय झाली, मग तुम्ही ते सरळ केलंत आणि नाचणाऱ्याला सांगितलं नाहीत. साहेबांना सांग, म्हणी वापराव्यात पण पूर्ण विचार करून.

तुम्ही सांगत नाही म्हणून मीच सांगायला लागले. सकाळी क्रूच्या बसच्या दाराशी उभी राहते आणि चढणाऱ्या प्रत्येकाला म्हणते, "सासुरवाडीचा बोर्ड हलवलाय, आता बोर्डाचं ऐका." काही जण मान डोलावतात. काही जण माझ्याकडे बघतात, भर बाजारात बडबडणाऱ्या बाईकडे बघावं तसं. परवा कंपनीने समज दिली की चौकशीचा विषय कर्मचाऱ्यांशी बोलायचा नाही. कालपासून बसच्या दाराशी एक वॉचमन उभा करतात. बिचारा मलाच म्हणाला, "मॅडम, तुम्ही हळू आवाजात सांगा, मी तिकडे बघतो."

त्याला कळतं. तुला कळत नाही.


२ मार्च

बारक्या आला होता काल.

तुझं हे सहा फुटी बारकं दारात मान वाकवून उभं होतं, युनिफॉर्ममध्ये, हातात बॅग. म्हणाला, "आत्या, बाबा घरात कुणाशी बोलत नाहीत. तू तरी बोल." मी म्हटलं, "ये, बस, माझ्याकडे बोलण्याचा साठा आहे." त्याला खायला घातलं. तू कसा आहेस, झोपतोस का, सगळं विचारलं. हो, विचारलं. राग आहे म्हणून रक्त बदलत नाही.

बोलता बोलता मी म्हटलं, "तू तिथून जातोस ना रोज? जपून जा बाबा. आत्याने शिकवलेलं विसर. आता बोर्डाप्रमाणे जायचं."

तो म्हणाला, "माहीत आहे की. बाबांनी सांगितलं होतं."

मी विचारलं, "कधी? माझं झाल्यावर?"

"नाही गं. बोर्ड हलवला त्याच संध्याकाळी. फोन आला त्यांचा. म्हणाले, सासुरवाडीला आता आधीचं वळण घेऊ नकोस, धावपट्टीवर जाशील." आणि मग माझा चेहरा बघून त्याचा घास हातातच राहिला. "आत्या, मला वाटलं तुलाही सांगितलं असणार."

दादा, मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. भांडं एकही नव्हतं घासायला.

'धावपट्टीवर जाशील.' हे तुझे शब्द आहेत. म्हणजे तुला नेमकं माहीत होतं. आम्ही कुठे वळणार, कुठे पोहोचणार, सगळं. आजवर मी समजत होते की माझा भाऊ भित्रा आहे, साहेबांना घाबरतो, त्याला एवढं सुचलं नसेल. तुला सुचलं होतं. चार दिवस आधी सुचलं होतं. तू फोन उचललास, तुझ्या एका माणसाला वाचवलंस आणि फोन ठेवून दिलास.

आपला तो बाब्या! माझ्या मागे बसलेली एकशे चौसष्ट कार्टी कुणाची होती? त्यांना आईबाप नव्हते? समोरून उतरणाऱ्या विमानातली? ती सगळी दुसऱ्याची, म्हणून जळाली तरी चालणार होती?

आणि मी कुणाची होते?

मी रात्रभर तुझ्या बाजूने विचार केला, खरंच केला. तुला वाटलं असेल, हिला सांगितलं तर ही बोभाटा करेल. केला असता. टॉवरच्या गच्चीवर चढून केला असता. पुढच्या तासाभरात प्रत्येक पायलटला कळलं असतं, तुमच्या साहेबांची नाचक्की झाली असती, तुला जाब विचारला असता, आणि कुणाच्याही केसाला धक्का लागला नसता. माझ्या तोंडाळपणाला सगळे नावं ठेवतात. या एका वेळी तो कामाला आला असता.

आता ऐक. वकीलबाईंना मी अजून हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या नाचतील आणि बारक्याला साक्षीला बोलावतील, आणि माझं लायसन्स दुसऱ्या दिवशी घरी येईल. मी सांगणार नाही. पोराला बापाविरुद्ध उभं करणारी आत्या व्हायचं नाही मला. त्यालाही बजावलंय की सुनावणीकडे फिरकायचं नाही. तो "बघू" म्हणाला. तुझ्यासारखाच म्हणाला, चष्मा नसताना चष्मा पुसल्यासारखा.

तू स्वतः सांग. हात जोडते, असं लिहिणार होते. पण जोडत नाही. सांग.


१२ मार्च

दादा,

काल सुनावणीला तू होतास, मीही होते, पण तू समोरच्या भिंतीकडे बघत होतास. तेव्हा काय काय झालं ते मीच लिहिते. तुला कुणीतरी दाखवायला हवं.

त्या खोलीत एसी गळत होता आणि त्याच्याखाली बादली ठेवली होती. टेबलावर विमानतळाचा नकाशा, आणि त्यावर प्लास्टिकचं खेळण्यातलं विमान. चौकशीतला एक माणूस ते विमान बोटाने ढकलत माझ्या चुकीची गोष्ट सांगत होता. वळणावर त्याने तोंडाने ब्रेकचा आवाजही काढला. मी त्याच्या बोटावर फटका मारणार होते, पण वकीलबाईंनी माझा हात धरला.

मग आमचे दोन ज्येष्ठ कॅप्टन आले. त्यातल्या एकाने मला हे सगळं शिकवलेलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "बोर्डाच्या आधीचं वळण घ्यायचं, असा काही रिवाज होता का?" ते म्हणाले, "असं काही ऐकिवात नाही." दुसरे म्हणाले, "आम्ही कायम बोर्डाप्रमाणेच जातो." सासुरवाडी हे नावसुद्धा त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं! या नावावर यांनी वर्षानुवर्षं पार्ट्यांमधे हशे घेतले आहेत. पण बोर्ड न जुमानता जायचो हे कबूल करायचं म्हणजे स्वतःच्या लायसन्सवर धोंडा. सगळं गाव त्या वाटेने जात होतं, आणि पाय फक्त माझेच चिखलाने भरलेले निघाले.

मग तू. इस्त्रीचा शर्ट. चष्मा पुसलास. "घटनेच्या दिवशी सर्व बोर्ड योग्य स्थितीत होते." बाईंनी विचारलं, "तो बोर्ड त्याआधी हलवला होता का?" तू म्हणालास, "देखभालीची कामं सतत चालू असतात." बाईंनी विचारलं, "पायलटांना सांगण्याची गरज होती का?" आणि तू म्हणालास, "तशी गरज वाटली नाही."

तशी गरज वाटली नाही. मला तेव्हा राग आला नाही, दादा. पहिल्यांदाच आला नाही. मला तुझी कीव आली, आणि त्याचाच नंतर जास्त राग आला.

तेव्हा मागची खुर्ची सरकली. मी त्याला बोलावलं नव्हतं. शपथेवर सांगते. तो सरळ विमानातून उतरून आला होता, टोपी काखेत. बाई म्हणाल्या, "तुमचं नाव यादीत नाही." तो म्हणाला, "मला माहीत आहे. मी यांचा मुलगा. बोर्ड हलवला त्या संध्याकाळी बाबांनी मला फोन करून सांगितलं होतं की आधीचं वळण घेऊ नकोस. उद्या मी तिथूनच जाणार आहे. माझ्या मागून कोण येणार ते मला माहीत नाही." एवढं बोलला आणि उभाच राहिला. बसायचं त्याला सुचेना.

तुमचे साहेब म्हणाले, आत्याच्या प्रेमापोटी मुलगा काहीही बोलतोय. बाईंनी त्यांना गप्प केलं आणि तुला विचारलं, "तुमचा मुलगा खोटं बोलतोय का?"

बादलीत पाणी पडत होतं. साहेबांनी तुझ्याकडे बघून मान हलवली, हलकेच, होकारार्थी. मी ती बघितली. एक 'हो' म्हटलं असतंस की संपलं होतं. नोकरी राहिली असती, पेन्शन राहिली असती, मी कायमची गठ्ठे बांधत बसले असते, आणि तो पोरगा खोटारडा म्हणून त्या खोलीतून बाहेर पडला असता. तू चष्मा काढलास. या वेळी पुसला नाहीस. टेबलावर ठेवलास.

"नाही," म्हणालास. "तो खरं बोलतोय. आम्हाला माहीत होतं."

संध्याकाळी सूचना निघाली. दोन ओळींची आहे, मी चारदा वाचली. लायसन्स परत मिळेल असं वकीलबाई म्हणतात. त्या दोघा कॅप्टनांचे फोन येऊन गेले, म्हणे आम्ही मनाने तुझ्याच बाजूने होतो. वरातीमागून घोडं! मी दोघांनाही असं काही ऐकवलं आहे की ते आता खरंच बोर्डाप्रमाणे जातील. आणि तुला घरी बसवलं आहे. साहेबांना नाही, तुला. चोर सोडून संन्याशाला, असं म्हणणार होते, पण तू संन्यासी नाहीस.

वहिनी सांगत होती, तू खोलीत दार लावून बसला आहेस, बारक्या दाराबाहेर बसलाय, आणि दोघंही जेवत नाहीत. दार उघड. त्याने तुला उघडं पाडलं असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाक. तू त्याला खोटं पाडलं नाहीस, एवढंच तो तिथे बसून येईल त्याला सांगतोय.

मी येणार आहे. आज नाही. आज आले तर हात उचलेन, आणि तू थोरला आहेस. पण येईन, आणि माफी मागू नकोस, ती मला नको आहे. मला फक्त एक विचारायचं आहे, समोरासमोर. त्या संध्याकाळी तू बारक्याचा नंबर लावलास, तेव्हा तुला माझा नंबर आठवला होता का?

गडबडीत आठवलाच नाही म्हणालास तर मी शिव्या देईन, रडेन, आणि कधीतरी विसरेनही. पण आठवला होता आणि तरी तू तो लावला नाहीस, असं असेल, तर मला खरं सांगू नकोस. इतके दिवस खरं बोल म्हणून तुझ्या मागे लागले. एवढं एक खोटं मी ऐकून घेईन.

तुझी बहीण